एका कामाला एक शाखा

एकाच मजकुरावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली की काय होते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. केंद्रातल्या चार शाळांनी मिळून प्रश्नपेढी करायचे ठरवले, फाइल सर्वांना पाठवली आणि आठवड्याने चौघांकडून चार फाइली परत आल्या. प्रत्येकीत काही चांगले प्रश्न वाढलेले, काही जुन्या चुका सुधारलेल्या. पण कोणी नेमके काय बदलले, हे समजण्यासाठी चारही फाइली पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचणे आले. बहुतेक वेळा मग सर्वांत शेवटी आलेली फाइल 'अंतिम' ठरते आणि बाकी तिघांची मेहनत वाया जाते.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा असतो. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतली. आज तिच्या गाभ्याचा मजकूर तीन कोटी ओळींच्या पुढे गेला आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि अशा प्रत्येक आवृत्तीत साधारणपणे दहा हजारांहून जास्त बदल झालेले असतात. ते करणारी माणसे हजाराच्या वर, जगभर विखुरलेली. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते. तरीही हा डोलारा उभा आहे. त्यामागे जी शिस्त आहे, तिच्या एका भागाचा विचार आपण इथे करणार आहोत. आपण केलेला बदल दुसऱ्याने स्वीकारावा असे वाटत असेल, तर तो एका स्वतंत्र शाखेवर करावा आणि एका शाखेवर एकच काम करावे, असा हा नियम. वरवर तो कारकुनी स्वरूपाचा वाटतो. तो का पाळायचा, हे कळण्यासाठी मात्र थोडे आत शिरावे लागते.

कुलपापासून शाखेपर्यंत

मजकुराच्या जुन्या-नव्या आवृत्त्या नीट जपून ठेवणाऱ्या व्यवस्थेला आवृत्ती-नियंत्रण म्हणतात. अशी पहिली व्यवस्था १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी तयार केली. तिच्या नंतरची, १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांनी केलेली आरसीएस ही व्यवस्थाही बराच काळ वापरात होती. दोन्हींची पद्धत ग्रंथालयातल्या एकुलत्या एक प्रतीसारखी होती. फाइल बदलायची तर तिला कुलूप लावायचे, काम झाले की ते काढायचे. तोवर दुसऱ्याने वाट पाहायची. पहिला माणूस कुलूप लावून सुटीवर गेला, की सगळेच अडले!

पुढच्या व्यवस्थांनी कुलूप काढले आणि सर्वांना एकाच वेळी काम करू दिले. पण त्यांत शाखा काढणे आणि नंतर ती मूळ मजकुरात परत मिसळणे हे इतके किचकट होते, की लोक शक्यतो त्या वाटेला जात नसत. टोरवाल्ड्स यांना या व्यवस्था पसंत नव्हत्या. २००२ पर्यंत लिनक्सचे बदल इमेलने येत आणि ते स्वतः ते एकेक करून मूळ मजकुरात चढवत. २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर ही एका कंपनीची व्यवस्था वापरायला सुरुवात केली. २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला आणि टोरवाल्ड्स यांनी स्वतःच नवी व्यवस्था लिहायला घेतली. ३ एप्रिल २००५ रोजी काम सुरू झाले आणि ७ एप्रिलपासून ही नवी व्यवस्था स्वतःचाच मजकूर स्वतःमध्ये ठेवू लागली. तिचे नाव गिट. त्याच वर्षीच्या जुलैत तिची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे आली आणि ती त्यांनी पुढेही सांभाळली. आज जगातले बहुसंख्य प्रोग्रॅम गिटमध्येच ठेवलेले असतात.

गिटमध्ये शाखा काढणे इतके स्वस्त का झाले? यासाठी त्याच्या वहीत डोकवायला हवे.

गिटमध्ये काम करणारा माणूस आपला बदल पुरा झाला की एक नोंद करतो. प्रोग्रॅमर तिला कमिट म्हणतात. या नोंदीत त्या क्षणीचा सगळा मजकूर कसा होता ते असते, कोणी आणि कधी नोंद केली ते असते, काय केले याचे दोन ओळींचे वर्णन असते आणि आधीची नोंद कोणती तेही असते. या सर्वांवरून गणिताने एक ओळखक्रमांक काढला जातो. ० ते ९ हे अंक आणि इंग्रजी वर्णमालेतली पहिली सहा अक्षरे यांनी बनलेला तो सहसा चाळीस चिन्हांचा असतो. आता गंमत पाहा. हा क्रमांक काढताना आधीच्या नोंदीचा क्रमांकही हिशेबात धरलेला असतो. म्हणजे जुन्या नोंदीतला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी तिचा क्रमांक बदलेल, त्यामुळे तिच्या पुढच्या नोंदीचा बदलेल, आणि असे शेवटपर्यंत होत जाईल. प्रत्येक नोंद आपल्या मागच्या नोंदीला अशी घट्ट बांधलेली असते. मुलाला आईबाप माहीत असतात, पण आईबापांना पुढे कोण मुले होतील हे माहीत नसते, तसेच हे. ही बांधणी लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा भार तिच्यावर आहे.

आणि शाखा म्हणजे काय? शाखा म्हणजे एका नोंदीवर चिकटवलेली नावाची चिठ्ठी. संगणकात ती एक चिमुकली फाइल असते. तिच्यात चाळीस चिन्हे आणि ओळ संपल्याची एक खूण, मिळून ४१ बाइट असतात. बस्स. शाखा काढताना मजकुराची नक्कल होत नाही. फक्त ही चिठ्ठी लिहिली जाते. त्या शाखेवर नवी नोंद केली, की चिठ्ठी पुढे सरकून नव्या नोंदीवर बसते. प्रकल्पाच्या मुख्य धारेलाही अशीच एक चिठ्ठी असते. पूर्वी तिचे नाव बहुधा मास्टर असे; २०२० नंतर अनेक ठिकाणी मेन हे नाव रूढ झाले. आपण तिला मुख्य शाखा म्हणू.

विनंती कशाची असते?

मोठ्या प्रकल्पात कोणीही उठून मुख्य शाखेत बदल करू शकत नाही. तो अधिकार थोड्या माणसांकडे असतो. बाहेरचा माणूस मूळ प्रकल्पाची स्वतःची प्रत काढतो, तिच्यावर काम करतो आणि सांभाळणाऱ्याला कळवतो: माझ्याकडे अमुक बदल तयार आहे, तो तुमच्याकडे ओढून घ्या. 'ओढून घेण्याची विनंती' म्हणजेच पुल रिक्वेस्ट. लिनक्समध्ये अशा विनंत्या इमेलने जातात. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या सेवेने हेच काम पडद्यावरच्या एका बटणावर आणले. तिथे विनंतीच्या पानावर बदललेल्या ओळी दिसतात, त्यांवर शेरे मारता येतात, शंका विचारता येतात. सांभाळणाऱ्याचे समाधान झाले की बदल मुख्य शाखेत मिसळला जातो.

नवशिक्याच्या सहसा लक्षात येत नाही अशी एक गोष्ट इथे आहे. गिटहबवरची विनंती एखाद्या ठरावीक नोंदीसाठी केलेली नसते. ती शाखेच्या नावाने केलेली असते. चिठ्ठी पुढे सरकली की विनंतीही तिच्याबरोबर वाढते.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. समजा, एका गावाचे अक्षांश दिले की वर्षभराच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून देणारा एक छोटा प्रोग्रॅम काही शिक्षकांनी मिळून केला आहे. एक शिक्षक त्याची मुख्य शाखा सांभाळतात. दुसऱ्या गावच्या एका शिक्षिकेने तो आपल्या शाळेसाठी चालवून पाहिला. २१ मार्चच्या सुमारास दिवस बरोबर १२ तासांचा येत होता. त्यांना हे खटकले. कारण सूर्योदय म्हणजे सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसण्याचा क्षण. सूर्याचे मध्यबिंदू त्या वेळी क्षितिजाच्या खालीच असते. सूर्याची कोनीय त्रिज्या सुमारे १६ कला, आणि वातावरणातून येताना प्रकाशकिरण वाकल्याने क्षितिजावरची वस्तू सुमारे ३४ कला वर उचललेली दिसते. एकूण ५० कला. म्हणून खस्वस्तिकापासूनचे अंतर ९० अंश न धरता ९० अंश ५० कला धरायला हवे. पुण्याच्या अक्षांशावर या दुरुस्तीने त्या दिवशीचा सूर्योदय सुमारे साडेतीन मिनिटे आधी आणि सूर्यास्त तितकाच उशिरा येतो. विषुवदिनाचा दिवस बारा तासांपेक्षा सात मिनिटांनी मोठा! शिक्षिकेने प्रोग्रॅममधली ती एक ओळ बदलली, नोंद केली आणि विनंती पाठवली. शाखा वेगळी काढली नव्हती. आपल्या प्रतीतल्या मुख्य शाखेवरूनच ती गेली.

विनंतीला उत्तर यायला चार दिवस लागणार होते. सांभाळणाऱ्या शिक्षकांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. दरम्यान शिक्षिकेने काम पुढे चालू ठेवले. तक्त्यातली महिन्यांची नावे चैत्र-वैशाख अशी करून पाहिली. मग दिवसाच्या लांबीचा आलेख काढायला घेतला. तो निम्मा झाला, पण प्रोग्रॅम आता मध्येच थांबू लागला होता. या सगळ्या नोंदी त्याच मुख्य शाखेवर झाल्या आणि त्यांच्या प्रतीबरोबर वर चढवल्या गेल्या.

चार दिवसांनी शिक्षकांनी विनंती उघडली. वर्णनात लिहिले होते 'क्षितिजाची दुरुस्ती', आणि आत दिसत होते एक चांगला बदल, एक वादाचा बदल आणि एक मोडका आलेख. चैत्राची १ तारीख दरवर्षी वेगवेगळ्या दिवशी येते, तेव्हा ती नावे एप्रिल-मेच्या जागी नुसती बसवता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे पडले आणि ते बरोबरही होते. पण या शंकेचे निरसन होईपर्यंत निर्विवाद अशी पहिली दुरुस्तीही अडकून पडली. तोवर बाकी शाळांच्या भिंतींवर साडेतीन मिनिटांनी चुकलेला तक्ता लागणार.

पहिली नोंद तेवढी उचलून घ्यावी, असे कोणी म्हणेल. तशी सोय गिटमध्ये आहे. तिला चेरी-पिक म्हणतात. पण वर सांगितलेली बांधणी आठवा. उचललेल्या बदलाची मुख्य शाखेवर नव्याने नोंद होते, आणि सहसा तिचा ओळखक्रमांक वेगळा असतो. म्हणजे एकच बदल आता शिक्षिकेच्या मुख्य शाखेवर एका क्रमांकाने आणि मूळ प्रकल्पात दुसऱ्या क्रमांकाने नांदतो. नावाने मुख्य असलेल्या दोन शाखांच्या वाटा तिथून फुटतात. पुढे शिक्षिकेने मूळ प्रकल्पातले ताजे बदल आणायला गेले की त्यांच्या अर्धवट आलेखासकट सगळे एकत्र मिसळू पाहते, आणि यापुढच्या त्यांच्या प्रत्येक विनंतीत जुन्या नोंदी डोके वर काढत राहतात. हा गुंता सोडवता येतो; पण तो सोडवताना नवीन माणसाची जी दमछाक होते, ती पाहता अनेकजण प्रत पुसून टाकून नव्याने सुरुवात करतात.

आता हेच काम शाखा काढून केले असते तर? मुख्य शाखा अस्पर्श ठेवायची. ती मूळ प्रकल्पाची आरशातली प्रतिमा. काम सुरू करण्यापूर्वी ती ताजी करून घ्यायची. तिथून 'क्षितिज-दुरुस्ती' या नावाची शाखा काढायची, ती ओळ बदलायची, नोंद करायची, या शाखेची विनंती पाठवायची. मग पुन्हा मुख्य शाखेवर परत यायचे आणि तिथून 'महिन्यांची-नावे' ही दुसरी शाखा काढायची. पुन्हा परत यायचे. तिसरी शाखा आलेखाची. पहिली विनंती पाच मिनिटांत मान्य होईल. दुसरीवर महिनाभर चर्चा चालली तरी कोणाचे अडणार नाही. तिसरी शिक्षिकेच्या संगणकावरच राहील, कारण ती कोणाला दाखवण्याजोगी अजून झालेली नाही.

'परत यायचे' हे शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिले. पहिल्या शाखेवर उभे असतानाच दुसरी शाखा काढली, तर दुसरीत पहिलीच्या सगळ्या नोंदी आल्याच. नावे दोन, पण गाठोडे एकच. नवशिक्यांना शिकवताना मी त्यांना आधी फळ्यावर नोंदींचे ठिपके काढायला लावते आणि 'आत्ता तू कुठल्या ठिपक्यावर उभा आहेस?' असे विचारते. आज्ञा पाठ करण्यापेक्षा हे चित्र जास्त टिकते.

विनंती शाखेबरोबर वाढते, या ज्या गुणाने आधी घोटाळा केला, तोच आता उपयोगी पडतो. सांभाळणाऱ्याने 'ही ५० कला कुठून आली ते टिपेत लिहा' असे सुचवले, तर त्याच शाखेवर आणखी एक नोंद करायची. नवी विनंती नको, नवे पत्र नको; चर्चा आणि सुधारणा एकाच पानावर राहतात. बदल मिसळला गेला की शाखा पुसून टाकायची. नवखा माणूस इथे बिचकतो. पण पुसली जाते ती फक्त ४१ बाइटांची चिठ्ठी. नोंदी मुख्य शाखेच्या इतिहासात सुखरूप असतात.

तिसरा साक्षीदार

शाखा पुन्हा एकत्र येतात कशा, हे समजून घेण्याजोगे आहे. समजा दोन फाइलींत एकाच जागी एकीत '९०' आणि दुसरीत '९० अंश ५० कला' असे आहे. कोणते घ्यायचे? केवळ या दोन फाइली पाहून सांगता येत नाही. कदाचित एकाने दुरुस्ती केली असेल, किंवा दुसऱ्याने दुरुस्ती पुसून टाकली असेल. तिसरा साक्षीदार हवा. दोन्ही शाखा जिथून फुटल्या ती नोंद, म्हणजे दोघींचा सर्वांत जवळचा समान पूर्वज, गिट शोधून काढतो. पूर्वजात '९०' असेल, तर पहिल्या शाखेने ओळ बदललेली नाही आणि दुसरीने बदलली आहे. तेव्हा दुसरीचे घ्यायचे. दोघींनी एकच ओळ दोन वेगळ्या प्रकारे बदलली असेल तर गिट थांबतो आणि निर्णय माणसावर सोपवतो. याला संघर्ष, म्हणजे कॉन्फ्लिक्ट, म्हणतात. अनेकजण त्याला घाबरतात. मला तो गिटचा प्रामाणिकपणा वाटतो.

पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकांना ही रीत ओळखीची वाटेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. तिथेही देशभरातल्या हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखा लावणे, त्यांवरून जुना पाठ कोणता असावा हे ठरवणे, एका शाखेतला मजकूर दुसरीत मिसळला असेल तर तो ओळखणे, हेच काम होते. फरक एवढाच की त्यांचा समान पूर्वज काळाच्या ओघात हरवला होता आणि तो अनुमानाने उभा करावा लागत होता. गिटमध्ये तो जपून ठेवलेला असतो.

मात्र संघर्ष आला नाही म्हणजे सगळे ठीक, असे नाही. एका शाखेने कोन अंशांत घेणारा भाग बदलून त्रिज्यकोनात, म्हणजे रेडियनमध्ये, घेणारा केला आणि त्याला बोलावणाऱ्या सर्व जागा सुधारल्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या शाखेने दुसऱ्याच फाइलीत त्या भागाला बोलावणारी एक नवी जागा लिहिली, अर्थात अंशांत. दोघींनी एकही ओळ समाईक बदललेली नाही. गिट दोन्ही शाखा विनातक्रार मिसळेल आणि सूर्य भलत्याच वेळी उगवेल. गिट ओळी पाहतो. अर्थ त्याला कळत नाही. म्हणून मिसळल्यानंतर प्रोग्रॅमच्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात आणि माणसाने वाचावे लागतेच.

वाचणाऱ्याची सोय

माझ्या मते स्वतंत्र शाखेचे खरे कारण हे वाचणे आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीने आयफोनच्या आणि मॅकच्या प्रणालीतला एक गंभीर दोष दुरुस्त केला. सुरक्षित संपर्क जोडताना समोरच्या यंत्राची सही तपासणाऱ्या भागात 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली एका अटीखाली होती. दुसरी दिसायला तशीच, पण अटीच्या बाहेर. त्यामुळे ती दर वेळी पाळली जाई, पुढची महत्त्वाची तपासणी टळे आणि उत्तर मात्र 'सर्व ठीक' असे मिळे. एक जादा ओळ! दहा ओळींच्या बदलात अशी जोडओळ नजरेत भरते. हजार ओळींच्या बदलात तीच डोळ्यांसमोरून निघून जाते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रात्री उशिरा तपासणाऱ्याला हे पटावे.

विज्ञानात काम करणाऱ्यांना आणखी एक कारण आहे. प्रयोगात एका वेळी एकच चल बदलायचा, हे आपण आठवीनववीपासून शिकवतो. आमच्या गटात मोजमापांचे विश्लेषण करणारे प्रोग्रॅम गिटमध्ये असतात. उपकरणाचे अंशांकन सुधारणारा बदल आणि गोंगाट गाळणारा बदल एका शाखेवर चालत नाही, असा आमचा नियम आहे. दोन्हींमुळे अंतिम आलेख हलतो. एकत्र मिसळले, आणि आलेखावर नवा उंचवटा दिसला, तर तो निसर्गात आहे, अंशांकनातून आला की गाळणीतून, हे कसे सांगणार?

पूर्वी बरोबर येणारे उत्तर आज चुकते आहे, पण मधल्या हजार नोंदींतल्या कोणत्या नोंदीने ते बिघडवले हे माहीत नाही, अशी वेळ प्रत्येक प्रकल्पात येते. गिटमध्ये यासाठी बायसेक्ट नावाची सोय आहे. ती मधली नोंद काढून देते. तुम्ही प्रोग्रॅम चालवून बरोबर की चूक ते सांगायचे. मग उरलेल्या अर्ध्याच्या मधली नोंद. दोनाचा दहावा घात १०२४, म्हणून हजार नोंदींसाठी जेमतेम दहा फेऱ्या पुरतात. शब्दकोशात शब्द शोधण्याची ही रीत नववीच्या मुलांनाही समजते. पण दहाव्या फेरीला जी नोंद हाती लागेल, तिच्यात तीन कामे एकत्र कोंबलेली असतील तर शोध तिथेच अडतो. आणि मधल्या नोंदींत अर्धवट आलेखामुळे प्रोग्रॅम चालतच नसेल, तर 'बरोबर की चूक' या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही.

शिस्तीचा सर्वांत पक्का नमुना खुद्द गिटच्या प्रकल्पात पाहायला मिळतो. हमानो यांच्याकडे आलेल्या प्रत्येक कल्पनेला स्वतःची शाखा मिळते. तिला विषय-शाखा म्हणतात. त्याखेरीज कायमच्या चार शाखा असतात. सीन या शाखेत विचाराधीन असलेल्या बहुतेक विषय-शाखा एकत्र मिसळून पाहतात. २०२० पर्यंत तिचे नाव पीयू होते. ती पुनःपुन्हा मोडून नव्याने बांधली जाते, म्हणून तिच्यावर कोणी आपले काम उभारायचे नसते. चांगली वाटलेली विषय-शाखा नेक्स्ट या शाखेत जाते आणि तिथे काही काळ वापरून पाहिली जाते. ती टिकली तर मास्टरमध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीत. चौथी मेंट ही शाखा आधीच निघालेल्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांसाठी.

यात पाहण्यासारखी गोष्ट अशी, की नेक्स्टमधल्या पाच कल्पनांपैकी दोन पिकल्या आणि तीन कच्च्या राहिल्या, तर त्या दोनच पुढे नेता येतात. नेक्स्टच्या नेक्स्ट मास्टरमध्ये ओतत नाहीत. प्रत्येक विषय-शाखा आपल्या पायांनी चढते. हे जमते, कारण प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे योग्य जागेवरून काढलेली असते. दुरुस्ती जुन्या आवृत्तीतही हवी असेल, तर तिची शाखा नव्या मास्टरवरून न काढता जिथे ती पोहोचवायची त्या सर्वांत जुन्या शाखेवरून काढायची, असा तिथला नियम आहे. जुन्यावरून निघालेला बदल नव्यात मिसळता येतो. उलट केले, तर एका दुरुस्तीबरोबर नव्याचा सगळा बारदाना जुन्यात येतो.

शाखा काढणे स्वस्त असले तरी ती जगवणे स्वस्त नसते. तीन महिने अंगणात वाढलेली शाखा मुख्य धारेपासून इतकी दूर जाते की मिसळताना ठिकठिकाणी संघर्ष उभे राहतात. त्यावर उपाय म्हणून काहीजण दर दोन दिवसांनी मुख्य शाखा आपल्या शाखेत ओतत राहतात. लिनक्सच्या प्रकल्पात अशा विनाकारण ओतण्याबद्दल टोरवाल्ड्स यांनी अनेकदा नाराजी व्यक्त केली आहे, कारण इतिहास वाचणाऱ्याला त्यातून काही कळेनासे होते. काम लहान तुकड्यांत तोडणे बरे. काही अनुभवी गट तर शाखा जवळजवळ वापरतच नाहीत. रोजचे छोटे बदल थेट मुख्य शाखेत घालतात आणि चाचण्यांवर भिस्त ठेवतात. एकट्याच्या टिपणवहीसाठीही शाखांचा पसारा नको. पण जिथे स्वीकारणारा दुसरा आहे आणि त्याने वाचून 'हो' म्हणायचे आहे, तिथे मला याहून चांगली रीत माहीत नाही.

प्रोग्रॅम न लिहिणाऱ्या शिक्षकांनाही हे करून पाहता येईल. परिसरातल्या पक्ष्यांची किंवा झाडांची यादी घ्या, प्रत्येक गटाला एक शाखा द्या आणि एका विद्यार्थ्याला सांभाळणारा नेमा. मराठी मजकुराबाबत मात्र काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. मजकूर साध्या फाइलीत ठेवा. वर्डची फाइल ही आतून दाबून बांधलेले गाठोडे असल्याने गिटला तिच्यातल्या ओळी दिसत नाहीत. गिट ओळीओळीने तुलना करतो, म्हणून प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहा. अख्खा परिच्छेद एका ओळीत असला, तर दोघांनी दोन टोकांना एकेक शब्द बदलला तरी संघर्ष येतो. फाइलींना देवनागरीत नावे दिलीत तर गिट ती उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे अशा रूपात दाखवील. कोअर-कोटपाथ ही मांडणी बंद केली की नावे नीट दिसू लागतात. आणि 'दऱ्या' किंवा 'सुऱ्या' यांसारख्या शब्दांतला अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित करता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हमालिका वाटतात. एखाद्या विनंतीत काहीच बदललेले दिसत नसताना गिट ओळ बदलली असे म्हणत असेल, तर आधी दोघांच्या कळफलकांवर तो र कसा उमटतो ते पाहा.